महामारीनंतरच्या जागतिक अर्थव्यवस्थेची कोडी: आकडे पुस्तकाशी का जुळत नाहीत?

प्रश्न: पाणवठा

२०२० ते २०२४ या काळातले जगाचे आकडे एका जागी मांडतोय आणि ते पाठ्यपुस्तकाशी जुळत नाहीत. मूलभूत संज्ञा ठाऊक आहेत, त्यामुळे 'महागाई म्हणजे काय' इथपासून सुरुवात नको. अडलंय ते इथे:

१. अमेरिकेच्या फेडने (तिथली मध्यवर्ती बँक) मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अकरा वेळा व्याजदर वाढवले. ०–०.२५ टक्क्यांवरून थेट ५.२५–५.५० टक्के. इतकी वेगवान वाढ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीनंतर झाली नव्हती. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा जुलै २०२२ मध्ये दोन वर्षांच्या रोख्याखाली गेला आणि दोन वर्षांहून जास्त काळ तसाच राहिला. ही मंदीची खात्रीची खूण मानतात. मग मंदी कुठाय?

२. महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्के होती, बरोबर एका वर्षाने ३ टक्के. बेरोजगारी तेव्हाही ३.६ टक्केच. मग बेरोजगारी वाढल्याशिवाय महागाई उतरत नाही असं सांगणारा फिलिप्स वक्र कुठे गेला?

३. बाकीचं जग महागाईने होरपळत असताना चीनमध्ये भाव पडत होते, ते कसे?

४. महागाई उतरली म्हणतात, तरी लोक चिडलेलेच. का?

या सगळ्याला एकच किल्ली लागते की कुलपं वेगवेगळी आहेत?

प्रतिसाद: चक्रवाढ

चौथ्यापासून सुरू करतो. तो निव्वळ अंकगणिताचा आहे आणि तो सुटला की बाकीच्यांमधला बराच गोंधळ आपोआप कमी होतो.

महागाई दर हा वेग आहे, किंमत ही पातळी. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक फेब्रुवारी २०२० मध्ये २५८.७ होता, डिसेंबर २०२४ मध्ये ३१५.६. म्हणजे पावणेपाच वर्षांत २२ टक्के वाढ. महागाई ९ वरून ३ वर आली म्हणजे ही २२ टक्के मागे गेली असं नाही, तिच्यावर आणखी चढायचा वेग मंदावला इतकंच. बाजारात उभा असलेला माणूस पातळी बघतो, फेड वेग बघते. जून २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठाचा ग्राहक मनोभाव निर्देशांक ५० वर आला होता, तो तोवरचा नीचांक. बेरोजगारी चार टक्क्यांखाली असताना! त्यात भर म्हणजे घरकर्जाचं व्याज १९८३ पासून तिथल्या किंमत निर्देशांकात धरलंच जात नाही. हप्ता दुप्पट झाला तरी अधिकृत महागाईला त्याचा पत्ता नसतो.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्यातला '९.१ वरून ३' हा उतार नीट बघा. वर्षाची तुलना केली की तो बारा महिन्यांत हळूहळू उतरल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तसं झालेलं नाही. हंगामी समायोजन न केलेला, म्हणजे दरवर्षी ठरावीक महिन्यांत येणारे चढउतार न वगळलेला निर्देशांक घ्या:

डिसेंबर २०२१: २७८.८
जून २०२२: २९६.३
डिसेंबर २०२२: २९६.८

डिसेंबर २०२२ ची वार्षिक महागाई ६.५ टक्के जाहीर झाली. पण त्यातली जवळपास सगळी, ६.३ टक्के, पहिल्या सहा महिन्यांत होऊन गेली होती. पुढच्या सहा महिन्यांत ०.२ टक्केसुद्धा धड नाही. यातला थोडा भाग हंगामी आहे, कारण वर्षाच्या उत्तरार्धात असमायोजित निर्देशांक नेहमीच सुस्तावतो. शिवाय जूनमध्ये तिथे पेट्रोल गॅलनला ५ डॉलरवर गेलं होतं, तेही नंतर उतरलं. पण हे सगळं वजा केलं तरी मोड २०२२ च्या मध्यालाच आला होता, हे स्पष्ट आहे. तेव्हा फेडचा दर अजून दोन टक्क्यांच्याही खाली होता. म्हणजे पाच टक्के व्याजाने महागाई मोडली ही गोष्ट काळाच्या क्रमातच बसत नाही. व्याजाने काहीच केलं नाही असंही मी म्हणत नाही. महागाईबद्दलच्या लोकांच्या अपेक्षा सुटू दिल्या नाहीत, हे त्याचं काम मोठं होतं.

उलट बाजूने घरभाडं. निर्देशांकात निवाऱ्याचं वजन सुमारे एक तृतीयांश, आणि त्यात नवे-जुने सगळे भाडेकरार धरतात. नव्या कराराचं भाडं उतरायला लागलं तरी जुने करार संपून सरासरीत ते उतरायला साधारण वर्ष जातं. म्हणून २०२३ भर अधिकृत महागाई होती त्यापेक्षा चिवट दिसली.

वाढदराच्या आकड्यांतही असाच सापळा आहे. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेचं एकूण देशांतर्गत उत्पन्न (जीडीपी) '३२.९ टक्क्यांनी कोसळलं' असा पहिला अंदाज छापून आला आणि पुढच्या तिमाहीत '३३.१ टक्क्यांनी उसळलं'. वाचणाऱ्याला वाटलं, हिशेब फिटला. दोन्ही आकडे वार्षिकीकृत आहेत, म्हणजे तिमाहीचाच वेग वर्षभर टिकला तर किती, असे. पहिल्यात तिमाहीची खरी घट ९.५ टक्के (०.९०५ चा चौथा घात ०.६७१), दुसऱ्यात खरी वाढ ७.४ टक्के. ०.९०५ × १.०७४ = ०.९७२. जवळजवळ तीन टक्के खड्डा शिल्लकच होता, आणि त्याआधीच्या तिमाहीतली घट वेगळीच.

प्रतिसाद: रोकडा

एवढं लांबण कशाला? नोटा छापल्या, महागाई आली. छपाई थांबली, महागाई गेली. अमेरिकेत एम-टू पैसा (रोख आणि बँकांतल्या ठेवी मिळून) फेब्रुवारी २०२१ पर्यंतच्या एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढला, २०२३ मध्ये वर्षागणिक चक्क घटला. महागाईचं मूळ पैशाच्या पुरवठ्यात बघणाऱ्या फ्रीडमनचं पुस्तक उघडा, कोडंबिडं काही नाही.

प्रतिसाद: चक्रवाढ

रोकडा, दिशा बरोबर आहे, पण एवढ्याने भागत नाही. २००८ ते २०१४ मध्ये फेडचा ताळेबंद (नव्या पैशाने घेतलेले रोखे त्यात दिसतात) ०.९ लाख कोटी डॉलरवरून साडेचार लाख कोटींवर गेला आणि महागाई दोन टक्क्यांना मिनतवाऱ्या करूनही भेटेना. मग २०२१ मध्येच काय वेगळं झालं? पैसा कुठल्या दाराने आला ते. २००८ नंतर तो बँकांच्या राखीव खात्यांत साचला. या वेळी सरकारने कर्ज काढून तो थेट घराघरांत पोचवला: मार्च २०२० चा २.२ लाख कोटींचा कायदा, त्यात माणशी १,२०० डॉलरचा धनादेश, डिसेंबरात ६००, मार्च २०२१ च्या १.९ लाख कोटींच्या कायद्यात आणखी १,४००. वाढीव बेरोजगार भत्ता त्याशिवाय.

आणि पैशाचा फिरण्याचा वेग (एक डॉलर वर्षात किती वेळा खर्च होतो) स्थिर राहिला असता तर तुमचं सूत्र चाललं असतं. तो सुमारे १.४ वरून १.१ च्या आसपास पडला. पैसा आला, पण काही काळ खात्यात पडून राहिला. तो कधी बाहेर पडणार आणि कशावर खर्च होणार, हे पैशाच्या आकड्यावरून कळत नाही. खरी गंमत 'कशावर' मध्ये आहे. चाळीसफुटी इथे असतात ना? त्यांनी लिहावं.

प्रतिसाद: चाळीसफुटी

बोलावलंत म्हणून लिहितो, आणि मोठं लिहितो, कारण माझ्या मते गाभा इथेच आहे.

२०२० मध्ये घरात कोंडलेल्या लोकांचा एकूण खर्च जितका घटला त्यापेक्षा त्याचा साचा जास्त बदलला. हॉटेल, प्रवास, केशकर्तन, नाटक-सिनेमा बंद. तोच पैसा लॅपटॉप, सायकली, फर्निचर, व्यायामाची यंत्रं यांवर. सेवा गिऱ्हाईकाच्या दारातच तयार होते. वस्तूला कारखाना, बंदर, कंटेनर, ट्रक आणि गोदाम लागतं. ही साखळी सरासरी मागणीला पुरेल इतकीच बांधलेली असते, कारण रिकामी क्षमता म्हणजे तोटा. मागणी क्षमतेच्या खाली असेपर्यंत दहा टक्के जास्त मागणी आली तर भाव एखाद-दुसरा टक्का हलतो. क्षमतेची रेघ ओलांडली की जास्तीचा माल येतच नाही, सगळा ताण भावावर पडतो.

कंटेनरचं भाडं घ्या. ड्रूरी या जहाजवाहतूक सल्लागार संस्थेचा चाळीस फुटी पेटीचा जागतिक निर्देशांक महामारीपूर्वी दीड हजार डॉलरच्या आसपास असे. सप्टेंबर २०२१ मध्ये तो १०,३७७ वर गेला. जगातल्या मालाची मागणी काही सातपट झाली नव्हती. झालं असं: पेट्या आशियातून भरून अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या गोदामांत जागा नसल्याने परत फिरल्याच नाहीत. उतरवलेल्या पेट्यांखाली ट्रकच्या चासी अडकल्या, चासी नाहीत म्हणून धक्क्यावरच्या पेट्या हलेनात, धक्का मोकळा नाही म्हणून जहाजं समुद्रात. लॉस एंजलिस आणि लाँग बीचबाहेर जानेवारी २०२२ मध्ये १०९ कंटेनर जहाजं रांगेत होती. रांगेतलं जहाज म्हणजे जागतिक ताफ्यातून तात्पुरतं वजा झालेलं जहाज. थोडक्यात, मागणीने क्षमता ओलांडली आणि कोंडीने तीच क्षमता आणखी कमी केली. सुएझमध्ये २३ ते २९ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' आडवं पडलं त्याचा गाजावाजा फार झाला. ते सहा दिवस या कोंडीपुढे किरकोळ.

दुसरी गोष्ट ऑर्डरींची. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी हे फार पूर्वी मांडून ठेवलंय, गणित हातानेच करून बघा. दुकानदार आठवड्याला १०० नग विकतो आणि चार आठवड्यांचा, म्हणजे ४०० नगांचा साठा ठेवतो. मागणी १२० झाली. आता त्याला साठा ४८० हवा. तो ऑर्डर देतो १२० + ८० = २००. घाऊक व्यापाऱ्याला दिसते ती १०० वरून २०० वर गेलेली ऑर्डर. त्याचा नियमही चार आठवड्यांचाच, म्हणजे साठा ४०० वरून ८०० हवा. तो कारखान्याला सांगतो २०० + ४०० = ६००. गिऱ्हाईक २० टक्क्यांनी वाढलं, कारखान्याकडे सहापट मागणी पोचली. त्यात 'मिळेल तेवढं मिळू दे' म्हणून तीन ठिकाणी ऑर्डरी नोंदवल्या की बघायलाच नको. पुढे गिऱ्हाईक पुन्हा १०० वर आलं की दुकानदाराला साठा ४०० पुरतो, हातात ४८० आहे, म्हणून तो मागवतो फक्त २०. वर चढताना जेवढा फुगवटा तेवढीच उतरताना आपटी. २०२२ च्या मध्यात अमेरिकेतल्या मोठ्या विक्री साखळ्यांकडे नको असलेल्या मालाचे ढीग पडले, ते यातूनच.

चिपचा किस्सा याचाच भाऊबंद. २०२० च्या वसंतात मोटार कंपन्यांनी गाड्या खपणार नाहीत म्हणून चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. ती क्षमता लॅपटॉप आणि फोनवाल्यांनी उचलली. वर्षअखेर मोटारींची मागणी परतली तेव्हा कंपन्या रांगेच्या शेवटी. वेफर (चिप जिच्यावर घडवतात ती सिलिकॉनची चकती) आत गेल्यापासून चिप बाहेर यायला तीन-चार महिने लागतात, घाई करून ते कमी होत नाहीत. त्यातून मोटारीला लागणाऱ्या बऱ्याच चिप जुन्या पिढीच्या. त्यांच्यासाठी नवा कारखाना उभारणं कुणाला परवडत नाही. डॉलर-दोन डॉलरच्या चिपवाचून हजारो डॉलरच्या गाड्या कारखान्याच्या आवारात उभ्या. नवी गाडी नाही म्हणून लोक जुन्या गाडीकडे वळले. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांनी २०२० मध्ये आपला ताफा विकून टाकला होता, त्यांनाही त्याच बाजारात परत खरेदी करायची होती. जून २०२१ मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्यांची वार्षिक भाववाढ ४५ टक्के होती. त्या वर्षीच्या महागाईत या एका ओळीचा वाटा लक्षात येण्याइतका मोठा आहे.

आता उलट वाचा. चढताना भाव ज्या खड्या कड्यावरून गेले, उतरतानाही त्याच कड्यावरून येतात. मागणी थोडी सैल झाली, जहाजं मोकळी झाली, की उत्पादन न घटता भाव पडतात. न्यूयॉर्क फेडचा पुरवठा साखळी ताण निर्देशांक डिसेंबर २०२१ ला शिखरावर होता आणि २०२३ च्या सुरुवातीला सरासरीखाली आला. पाणवठा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे.

प्रतिसाद: उत्तरायण

एक पाचर मारतो. युरोपचं कोडं या हिशेबात घालू नका. अमेरिकेची महागाई युक्रेन युद्धाआधी, जानेवारी २०२२ मध्येच ७.५ टक्के होती. युरो क्षेत्राची तेव्हा ५.१. तिथे शिखर ऑक्टोबर २०२२ मध्ये, १०.६ टक्के. ती मुख्यतः गॅसची: नेदरलँड्सच्या टीटीएफ बाजारात ऑगस्ट २०२२ मध्ये मेगावॉट-तासाला ३०० युरोवर भाव गेला, महामारीपूर्वी तो २० च्या आसपास किंवा खाली असे. आयात इंधन महागलं की पैसा देशाबाहेर जातो, लोक गरीब होतात. धनादेश वाटून आलेल्या महागाईत निदान पैसा देशातच फिरतो. जर्मनीचं उत्पन्न २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं घटलं, त्याचा धागा इथून निघतो.

प्रतिसाद: रिक्तपद

चाळीसफुटींनी मालाचं सांगितलं, तोच खडा कडा श्रमबाजारात होता. राहिलेलं निम्मं उत्तर तिथे.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे १ कोटी २० लाख जागा रिकाम्या होत्या आणि बेरोजगार सुमारे ६० लाख. एका बेरोजगारामागे दोन जागा. जून २०२२ मध्ये अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी लंडनच्या भाषणात हिशेब मांडला की महागाई आवरायला पाच वर्षं ५ टक्क्यांवर बेरोजगारी लागेल, किंवा दोन वर्षं ७.५ टक्के, किंवा एक वर्ष १० टक्के. अर्थतज्ज्ञ ओलिव्हिए ब्लांशार्ड आणि ॲलेक्स डोमाश यांच्याबरोबरच्या त्यांच्या लेखाचं म्हणणं असं की रिकाम्या जागा बेरोजगारी न वाढता घटल्याचं इतिहासात दिसत नाही. फेडचे गव्हर्नर क्रिस्टोफर वॉलर आणि फेडमधलेच अर्थतज्ज्ञ अँड्र्यू फिगुरा यांनी जुलैमध्ये उलट बाजू मांडली: बेव्हरिज वक्राच्या (रिकाम्या जागा आणि बेरोजगारी यांचं नातं दाखवणारी रेषा) ज्या टोकावर आपण आहोत तिथे तो जवळजवळ उभा आहे, त्यामुळे जागा घटतील, माणसं नाही.

घडलं वॉलर-फिगुरांच्या म्हणण्याप्रमाणे. २०२४ च्या मध्यापर्यंत प्रमाण दोनवरून १.२ च्या आसपास आलं, बेरोजगारी चारच्या जरा वर. कारण साधं आहे. मालकाने पाच जागांची जाहिरात लावलीय आणि माणसं मिळतायत दोन. मागणी घसरली की तो आधी न भरलेल्या तीन जागा रद्द करतो. कामावरच्या माणसाला हात लावायची वेळच येत नाही. त्यातून २०२१ मध्ये माणसं मिळवताना त्याचे इतके हाल झालेले असतात की तो सहजी कुणाला सोडत नाही.

पण कडा संपला की पुढे पठार आहे. त्या पातळीच्या खाली जागा घटल्या तर बेरोजगारी पुस्तकात लिहिल्यासारखीच वाढणार. समर्स यांचं गणित मुळात चुकीचं नव्हतं, त्यांनी वक्राच्या दुसऱ्या भागाचा उतार या भागाला लावला.

मंदीच्या खुणांबद्दल: साम नियम असा की बेरोजगारी दराची तीन महिन्यांची सरासरी मागच्या बारा महिन्यांतल्या तशाच किमान सरासरीपेक्षा अर्धा टक्का-अंक वर गेली की मंदी सुरू झाली समजा. जुलै २०२४ च्या आकड्यांवर (बेरोजगारी ४.३ टक्के) तो ०.५३ वर पोचला आणि मंदी आली नाही. का? दर दोन रीतींनी वाढतो. एक, लोकांना काढलं म्हणून. दोन, काम शोधणारे वाढले म्हणून. स्थलांतरितांमुळे तेव्हा दुसरं घडत होतं. कामावरून काढण्याचा मासिक दर एक टक्क्याच्या आसपासच होता. नियम मागणी पडण्याची खूण म्हणून बनवलेला आणि इथे हलला पुरवठा. नुसता दर बघू नका, सोबत हे काढण्याचं प्रमाणही बघत चला.

मजुरीच्या आकड्यांना तर एप्रिल २०२० मध्ये हातच लावू नये. त्या एका महिन्यात अमेरिकेतली सरासरी ताशी मजुरी ४.७ टक्के 'वाढली'. कुणाचाही पगार वाढला नव्हता. कमी पगाराची माणसं लाखोंनी घरी गेली आणि सरासरीत उरले ते जास्त पगाराचे.

प्रतिसाद: मुदतठेव

पहिला प्रश्न कुणीच घेतला नाही, मी घेते.

धोरण दर हा बँकांच्या एका रात्रीच्या उसनवारीचा दर. तो अर्थव्यवस्थेला चावतो तो कर्ज नव्या दरावर येतं तेव्हा. त्यामुळे 'किती वाढवला' याच्याइतकाच 'किती कर्जं किती लवकर नव्या दरावर आली' हा प्रश्न महत्त्वाचा.

अमेरिकेत बहुतांश घरकर्जं तीस वर्षं स्थिर दराची. जानेवारी २०२१ मध्ये नव्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के होता, लोकांनी जुनी कर्जं मोडून त्या दराने नवी घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा दर ७.७९ टक्के झाला, पण जुन्यांच्या हप्त्यात एका सेंटचा फरक नाही. चालू कर्जांचा सरासरी दर तेव्हाही चार टक्क्यांखाली. परिणाम भलताच झाला: तीन टक्क्यांचं कर्ज सोडून कोण घर विकणार? विक्रीला घरं आली नाहीत, म्हणून इतक्या व्याजाला घरांच्या किमतीही कोसळल्या नाहीत. ब्रिटनमध्ये बहुतेक कर्जांचा दर दोन किंवा पाच वर्षं स्थिर, तिथे झळ लाटेलाटेने पोचली. ऑस्ट्रेलिया, स्वीडन इथे बदलत्या दराची कर्जं जास्त, तिथे हप्ते काही महिन्यांत चढले. धोरणाचा डोस सारखा दिसला तरी रक्तात उतरायचा वेग देशोदेशी वेगळा.

मोठ्या कंपन्यांचंही तेच. २०२० आणि २०२१ मध्ये स्वस्तात लांब मुदतीचे रोखे विकून ठेवलेले आणि हातातली रोकड पाच टक्क्यांनी गुंतवलेली. दर वाढल्यावर काहींचा निव्वळ व्याजखर्च चक्क घटला. छोट्या उद्योगांची कर्जं बदलत्या दराची, मार त्यांनी खाल्ला. त्यांचा आवाज शेअर निर्देशांकात ऐकू येत नाही.

आणि सरकार उलट्या दिशेला ओढत होतं. २०२३ च्या वित्तीय वर्षात अमेरिकेची तूट उत्पन्नाच्या ६ टक्क्यांवर, तीही बेरोजगारी चारच्या खाली असताना. फेड ब्रेकवर, तिजोरी ॲक्सिलरेटरवर.

उलट्या परताव्याच्या रेषेबद्दल (लांब मुदतीच्या रोख्याचा परतावा छोट्या मुदतीच्या खाली जाणं) माझं मत: ती सांगते की बाजाराला पुढे व्याज उतरेल असं वाटतंय. एरवी व्याज उतरतं ते मंदी आल्यामुळे, म्हणून ती मंदीची खूण ठरली. या वेळी महागाई आपणहून उतरेल म्हणूनही बाजार तेच म्हणत असणार. खूण तीच राहिली, कारण बदललं.

मग सव्वापाच टक्क्यांनी कुणीच मोडलं नाही का? मोडलं, पण ताळेबंदात. दहा वर्षांचा १.५ टक्क्याचा रोखा १०० ला घेतलाय आणि बाजाराचा दर ४ टक्के झाला, तर त्याची किंमत ८० च्या खाली जाते (१.५ × ८.११ + ६७.५६ = ७९.७). मुदत संपेपर्यंत धरला तर पूर्ण शंभर मिळतात, म्हणून तोटा वहीत दाखवावा लागत नाही. ठेवीदार पैसे मागायला आले की मात्र आजच्या भावाने विकावा लागतो. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने सुमारे २,१०० कोटी डॉलरचे रोखे विकून १८० कोटींचा तोटा जाहीर केला. ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याच्या सूचना आल्या, १० तारखेला बँक बंद. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या निवृत्तिवेतन निधींचं असंच झालं आणि बँक ऑफ इंग्लंडला ६,५०० कोटी पौंडांपर्यंत रोखे खरेदीची तयारी जाहीर करावी लागली. दोन्हीकडे मध्यवर्ती बँकेने तातडीने हात दिला नसता तर तुमची मंदी कदाचित आलीही असती.

प्रतिसाद: सोनटक्का

चीनचं मी सांगतो. पश्चिमेने मागणीला पैसे दिले, चीनने उत्पादकांना. घराघरांत धनादेश नाहीत, कारखान्यांना कर्ज आणि कामकाज सुरू ठेवण्याची मुभा. जग वस्तू मागत होतं तोवर हे फार छान जमलं. पण ऑगस्ट २०२० मध्ये बांधकाम कंपन्यांच्या कर्जावर 'तीन लाल रेषा' आखल्या गेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये एव्हरग्रांड या बड्या बांधकाम कंपनीला मानांकन संस्थांनी कर्जबुडवी ठरवलं. तिथल्या कुटुंबांची बचत मुख्यतः घरांत. घराची किंमत उतरली की माणूस हात आखडतो. शून्य-कोविड धोरण डिसेंबर २०२२ ला उठलं तेव्हा सगळ्यांना अमेरिकेसारख्या खरेदीच्या उसळीची अपेक्षा होती. ती यावी कुठून? खात्यात सरकारी पैसा आलेलाच नव्हता. घाऊक उत्पादक किमती ऑक्टोबर २०२२ पासून वर्षागणिक घटत राहिल्या, ग्राहक महागाई २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं ०.२ टक्के. देशात न खपलेला माल बाहेर निघाला, २०२४ चं व्यापारी आधिक्य एक लाख कोटी डॉलरच्या उंबरठ्यावर. म्हणजे तिसरं कोडं इतरांपासून वेगळं नाहीच. जगाच्या वस्तू स्वस्त होण्यात चीनची थंडावलेली मागणीही आहे.

पाणवठा यांच्या यादीत गरीब देश नाहीत, आणि माझ्या मते खरी जखम तिथे आहे. फेडचे दर वाढल्यावर डॉलर निर्देशांक (इतर मोठ्या चलनांच्या तुलनेत डॉलरचं मोल) सप्टेंबर २०२२ मध्ये ११४ वर, वीस वर्षांतला उच्चांक. समजा एका देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ६० टक्के, त्यातलं निम्मं डॉलरमध्ये. स्थानिक चलनात डॉलर २०० वरून ३६० झाला (श्रीलंकेत २०२२ मध्ये काही महिन्यांत जवळपास असंच झालं). डॉलरचा भाग ३० वरून ५४, एकूण ८४ टक्के. एक पैसा नवा न घेता. ब्राझीलसारखे देश वाचले ते दोन कारणांनी: बरंचसं कर्ज स्वतःच्या चलनात, आणि फेडच्या वर्षभर आधी, मार्च २०२१ पासून २ टक्क्यांवरून चढत ऑगस्ट २०२२ पर्यंत १३.७५ टक्क्यांवर नेलेलं व्याज.

जे बुडाले ते लवकर वर येत नाहीत. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजहप्ता चुकवला. सरकारी सावकारांशी समझोता जून २०२३ मध्ये, रोखेधारकांशी अदलाबदल जून २०२४ मध्ये. साडेतीन वर्षं गेली ती मुख्यतः चीन, पॅरिस क्लब (सावकार देशांचा गट) आणि खासगी रोखेधारक यांच्यात कुणी किती सोडायचं यावर. तोवर देशाला नवं कर्ज मिळणं मुश्कील.

प्रतिसाद: पाणवठा

मंडळी, भरपूर मिळालं. म्हणजे किल्ली एकच दिसते: धक्का मागणीच्या आकाराचा कमी आणि साच्याचा जास्त होता, आणि आपण तो मागणीच्या मापाने मोजत होतो. एकच विचारतो, तक्ता मांडताना काय पथ्यं पाळू?

प्रतिसाद: चक्रवाढ

किल्ली एक म्हणा हवं तर, पण मुदतठेव यांचं कर्जाच्या मुदतीचं कुलूप तिने उघडत नाही, ते वेगळं ठेवा.

तक्त्यासाठी: सेंट लुईस फेडच्या 'फ्रेड' संकेतस्थळावरून मासिक मालिका उतरवून घ्या, वाढदर नाही, मूळ निर्देशांक. सगळ्या मालिका फेब्रुवारी २०२० = १०० वर आणा. मग दोन रकाने करा: बारा महिन्यांचा बदल आणि तीन महिन्यांचा वार्षिकीकृत बदल. निर्देशांक तीन महिन्यांत ३०० वरून ३०१.५ झाला तर १.००५ चा चौथा घात, म्हणजे २ टक्के. तीन महिन्यांचा रकाना हंगामी समायोजित मालिकेवरच काढा. वर डिसेंबर २०२२ चं जे ०.२ टक्के दिलं ते असमायोजित आहे, त्याचा वार्षिक दर काढाल तर फसाल. वस्तू आणि सेवा वेगळ्या ठेवा, एकत्र केल्या की २०२१ ची सगळी कथा नाहीशी होते. एप्रिल ते जून २०२० चे महिने कोणत्याही समीकरणात घालताना वेगळे काढा, त्या तीन बिंदूंनी अख्खी रेषा वाकते.

आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या तारखेच्या प्रकाशनातला ते लिहा. रोजगार आणि उत्पन्नाचे आकडे वर्ष-दोन वर्षं दुरुस्त होत राहतात. ३२.९ टक्के हा मी दिलेला पहिला अंदाज आज त्या मालिकेत शोधाल तर सापडणार नाही.